आजीचा चष्मा फ्रीजवर

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. शनिवारची सकाळ. वीकेण्डला आमच्याकडे नऊच्या आत कुणी उठत नाही, अपवाद फक्त दोघींचा. एक माझी साडेपाच वर्षांची लेक आणि दुसरी तिची आजी, म्हणजे वाशिमहून महिनाभरासाठी आलेली माझी आई. त्या दिवशी कसा कोण जाणे, मीही लवकर उठलो होतो. चहाचा कप घेऊन बाल्कनीच्या दारात उभा होतो. तेवढ्यात लेक पुस्तक घेऊन आली आणि धपकन आजीच्या मांडीवर बसली.

"आजी, वाच ना."

माझा कप ओठांपाशीच थांबला.

"चष्मा नाही बाई माह्याजवळ," आई म्हणाली.

हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. बँकेत, दवाखान्यात, घरी लग्नपत्रिका आली की. चष्मा लागायच्या आधी ते "डोळे दुखून राह्यले" असं होतं. आजवर ज्यांना ज्यांना ते ऐकवलं ते सगळे समजूतदार निघाले. कुणी फॉर्म भरून दिला, कुणी पत्रिका वाचून दाखवली. माझी लेक समजूतदार नाही. ती उठली, स्टूल ओढलं, वर चढली आणि विजयी मुद्रेनं ओरडली, "हा काय! फ्रीजवर होता!"

बॉस, त्या एका सेकंदात मला घाम फुटला. प्रेझेंटेशनच्या आधीही इतका फुटत नाही.

कारण माझ्या आईला वाचता येत नाही. मालेगाव तालुक्यातलं छोटं गाव (नाशिकवालं मालेगाव नव्हे हो, आमचं वाशिमवालं), पाच भावंडांतली थोरली. दुसरीत असताना धाकट्याला सांभाळायला घरी राहिली ती राहिलीच. चष्मा आहे तो डाळ निवडायला आणि सुईत दोरा ओवायला. सही करते, पण ती रांगोळी काढल्यासारखी, डावीकडून उजवीकडे एकेक वळण आठवत. ती सही माझ्या तिसरीतल्या प्रगतिपुस्तकासाठी मीच तिच्याकडून गिरवून घेतली होती. घरात सगळ्यांना माहीत, आणि घरात कुणी कधी बोललं नाही. काही घरांत दारू असते, काहींत कर्ज असतं. आमच्याकडे हे होतं.

आणि आता ही साडेपाच वर्षांची इन्स्पेक्टर हातात चष्मा घेऊन उभी.

आईनं चष्मा घेतला. पदरानं पुसला, जरा जास्तच वेळ. डोळ्यांवर चढवला, पुस्तक उघडलं. म्हणाली, "हे पाय. हे पोरगी कुठी चालली? तिच्या बुढीच्या घरी चालली. हे गाडी पाय कशी येऊन राह्यली. आमच्या वाशिमची लहान गाडी अशीच होती वं, धूर सोडत यायची. चढावाले लागली का इतकी हळू व्हायची का मानूस उतरून बोरं वेचून परत चढे."

लेकीच्या कपाळाला आठी. तिला ते पुस्तक पाठ आहे. (रोज रात्री दोनदा वाचायला लावते, त्यामुळे मलाही पाठ आहे.) "आजी, असं नाही लिहिलंय तिथे!"

मी पुढे सरसावणार, काहीतरी विनोद करून वेळ मारून नेणार, तोच आई शांतपणे म्हणाली, "तुह्या बापानं वाचलं ते पुन्याचं होतं. हे वाशिमचं हाये."

लेकीनं क्षणभर विचार केला. मग "ओके" म्हणाली आणि पान उलटलं.

त्या सकाळपासून मी चित्रांच्या पुस्तकांचा जाम विचार करतोय. आपण ही पुस्तकं घेतो कशी? मॉलमध्ये गेलो, बिलिंगच्या रांगेत मुलाची भुणभुण टाळायला एक उचललं. नाहीतर वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट. कव्हरवर आजी-आजोबा दिसले की आपल्याला जरा गहिवरूनच येतं, कारण आपले तिकडे गावी आणि आपण इकडे डेडलाइनमध्ये. मग ते पुस्तक आपणच वाचतो, तेही घड्याळाकडे बघत. डोळे फक्त अक्षरांवर. चित्र म्हणजे आपल्यासाठी अक्षरांमागचा वॉलपेपर!

आईचं उलटं. तिच्यासाठी पानावर फक्त चित्रच होतं. आणि लेकीसाठीही. त्याच पुस्तकात चार पानांवर पलंगाखाली, दाराआड, पिशवीत एक मांजर लपलेलं आहे. गोष्टीच्या मजकुरात त्याचा उल्लेखसुद्धा नाही. मी ते पुस्तक किमान पन्नास वेळा वाचलं असेल, मला मांजर कधीच दिसलं नव्हतं. आईला पहिल्या खेपेला दिसलं. "हे मांजर काऊन हिच्या मागं मागं फिरून राह्यलं?" लेक म्हणाली, "मला माहितीये ना ते! बाबाला नाही माहिती." म्हणजे घरात दोन टीम आहेत हे मला त्या दिवशी कळलं. त्या दोघी एकीकडे आणि शिकलेला मी दुसरीकडे.

चांगल्या चित्रपुस्तकाचा फंडाच हा आहे. अर्धी गोष्ट शब्दांत, अर्धी चित्रात, आणि दोन्ही एकच गोष्ट सांगत नाहीत. जॉन बर्निंगहॅम नावाच्या ब्रिटिश चित्रकाराचं ‘ग्रॅनपा’ म्हणून पुस्तक आहे, १९८४चं. एक छोटी मुलगी आणि तिचे आजोबा. पानापानावर दोघांचं इकडचं-तिकडचं बोलणं, आजोबांचं एका टायपात, तिचं दुसऱ्या टायपात. एका पानावर भांडण झालंय, दोघं एकमेकांकडे पाठ करून. शेवटाकडे ती मुलगी एकटी बसलीय आणि समोर आजोबांची खुर्ची, हिरवी, रिकामी. त्या पानावर शब्दच नाही. मी हे पुस्तक ऑफिसच्या एका कलीगकडे पाहिलं, कॅन्टीनमध्ये, आणि नंतर वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आलो. साडेतीनशे पानांच्या कादंबरीनं जे केलं नव्हतं ते एका खुर्चीनं केलं.

अमेरिकेतलं एक, मॅट डे ला पेन्याचं ‘लास्ट स्टॉप ऑन मार्केट स्ट्रीट’, चित्रं ख्रिश्चन रॉबिन्सनची. नातू आजीबरोबर बसनं चाललाय, पाऊस पडतोय, आणि आपल्याकडे गाडी का नाही म्हणून त्याची कुरकुर सुरू आहे. आजी त्याला काय काय बघायचं ते दाखवत राहते. २०१६मध्ये त्याला न्यूबेरी मेडल मिळालं. हे मेडल बहुतेक वेळा मोठ्या मुलांच्या जाडजूड पुस्तकांना जातं, त्यामुळे तिकडे बरीच चर्चा झाली.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे माधुरी पुरंदरे आहेत, आणि हे म्हणताना कॉलर ताठ करायला हरकत नाही. मुंबईच्या जे.जे.मध्ये चित्रकला शिकल्या, पॅरिसला जाऊन आल्या, फ्रेंच शिकवलं, गायल्याही. पण मुलांसाठी त्या स्वतः लिहितात आणि स्वतःच काढतात, त्यामुळे शब्द आणि चित्र एकमेकांच्या पायात येत नाहीत. ज्योत्स्ना प्रकाशनानं काढलेला त्यांचा ‘राधाचं घर’ हा संच घ्या. राधाच्या घरातली माणसं एकेक करून भेटतात, आजी-आजोबांसकट. उपदेश शून्य. माणसं अवघडलेली, कंटाळलेली, चिडलेली, म्हणजे आपल्या घरासारखी. २०१४मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, २०१६मध्ये बिग लिटल बुक अवॉर्ड पहिल्यांदाच दिलं गेलं तेही त्यांना. मूल घरात असेल आणि त्यांचं एकही पुस्तक नसेल, तर या वीकेण्डला पिझ्झा कॅन्सल करा.

बाकी बाजारातल्या आज्यांबद्दल माझी एक तक्रार आहे. पांढरा अंबाडा, गोल चष्मा, झुलती खुर्ची, हातात लोकरीचं विणकाम. ही बाई कोण आहे? मे महिन्यात ४५ डिग्रीला विदर्भात लोकर कोण विणतं? माझ्या ओळखीच्या आज्या सोयाबीन निवडतात, सिरियल बघतात, व्हॉट्सअॅपवर गुड मॉर्निंगची फुलं पाठवतात. म्हणूनच मला राजीव आइप यांचं ‘अम्माचीज अमेझिंग मशिन्स’ आवडतं. केरळातली आजी आणि नातू सूरज यांना नारळाची बर्फी करायचीय, आणि नारळ झाडावरून कढईपर्यंत आणताना आजी तरफ, कप्पी, उतरण असली यंत्रं सहज वापरत जाते. फिजिक्सच्या सरांनी आठवीत जे घोकून घेतलं ते इथे आजी बर्फी करता करता करून दाखवते. प्रकाशक प्रथम बुक्स. त्यांचं स्टोरीवीव्हर नावाचं फुकट व्यासपीठ २०१५पासून चालू आहे. तिथे मराठीतही भरपूर पुस्तकं आहेत, उतरवून घ्या, प्रिंट काढा, कुणी विचारत नाही. इतकंच नाही, तिथल्या गोष्टी आपल्याला आपल्या भाषेत करूनही टाकता येतात. हे वाक्य लक्षात ठेवा, परत येतोय त्याच्याकडे.

आमच्या त्या मे महिन्यात सगळं काही गोडगोड झालं असं समजू नका. चारच दिवसांनी लेकीनं आजीला सुनावलं, "आजी, मी येतो नाही, मी येते म्हण. तू काय बॉय आहेस का?" वऱ्हाडात बायाही ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, हे तिला कुठून माहीत असणार? वर ‘काऊन’ या शब्दावर तिला हसू आवरेना. आई पण हसली. पण नंतर दोन दिवस ती लेकीशी जपून बोलत होती. शब्द आधी मनात घोळवून, मग तोंडातून. मला ते ओळखू आलं, कारण मी स्वतः ते केलंय.

अठराव्या वर्षी रात्रभराचा ट्रॅव्हल्सचा प्रवास करून पुण्याला आलो. वाशिम म्हणजे नक्की कुठे, हे सांगायला ‘अकोल्याजवळ’ म्हणावं लागायचं. (१ जुलै १९९८ला अकोल्यातून निघून आमचा स्वतंत्र जिल्हा झाला, २०११च्या जनगणनेत सुमारे १२ लाख लोकसंख्या भरली, तरी पुण्यात आम्ही अजून अकोल्याजवळच.) होस्टेलवर पहिल्या आठवड्यात ‘मले’ म्हणालो आणि रूममधले तिघं पोट धरून हसले. वाईट पोरं नव्हती ती, आजही दोस्त आहेत. पण सहा महिन्यांत मी ‘मले-तुले’ पुसून टाकलं. आणि एक दिवस घरून फोन आला तेव्हा आजूबाजूला मुलं होती म्हणून मी ‘माय’ऐवजी ‘आई’ म्हणालो. पलीकडे एक सेकंद शांतता. मग तिनं विचारलं, जेवला का? त्यानंतर मी कायमच आई म्हणत आलो, आणि तिनं कधी त्याबद्दल विचारलं नाही.

तर आता माझी लेक फक्त माझंच अर्धवट राहिलेलं काम पूर्ण करत होती!

पुस्तकं प्रमाण मराठीत असणार, याबद्दल माझी काही तक्रार नाही. शाळेत तेच लागणार, नोकरीत तेच लागणार. पण चित्रपुस्तकातली आजी जेव्हा तोंड उघडते, तेव्हा ती नेहमी सदाशिव पेठेतच का उघडते? वाशिम जिल्ह्यातच मानोऱ्याकडे गेलात, पोहरादेवीच्या बाजूला, तर तांड्यांवर आईला ‘याडी’ म्हणणारी पोरं आहेत. त्यांच्या आज्या गोरमाटी बोलतात. त्या पोरांना तर पुस्तकातली आजी माझ्या लेकीपेक्षाही परकी.

आणि चित्रातून गोष्ट सांगणं ही काही आमच्याकडे इम्पोर्टेड आयडिया नाही बरं का! वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पाचव्या शतकातला हरिषेण राजा याच शाखेतला, आणि त्याच्या वराहदेव नावाच्या मंत्र्यानं अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणं करवलं. भिंतभर जातकाच्या गोष्टी, आणि बघायला येणाऱ्याला अक्षर ओळखता आलंच पाहिजे अशी अट नाही. माझ्या आईसारख्यांची सोय आमच्या राजानं दीड हजार वर्षांपूर्वी करून ठेवली होती. (पुण्याच्या दोस्तांना हे ऐकवतो तेव्हा ते विषय बदलतात.)

आईचंही चित्रं वाचणं नवीन नव्हतंच, हे मला नंतर आठवलं. मी पाचवीत असताना बाबा वाशिमच्या स्टँडवरून जुने ‘चांदोबा’ आणायचे. आई चुलीपाशी भाकरी थापायची आणि मी मोठ्यानं वाचायचो. विक्रम-वेताळाचं चित्र आलं की ती म्हणायची, "थांब, दाखव." खांद्यावर प्रेत घेतलेला तो राजा, के. सी. शिवशंकरन यांनी काढलेला. पिठाचे हात मागे धरून ती वाकून बघायची, बराच वेळ. पुढे काय होणार ते ती मी वाचायच्या आधी सांगायची, आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. मला वाटायचं तिला गोष्टी माहीत आहेत. शिवशंकरन २०२०मध्ये गेले, ‘चांदोबा’ त्याच्या आधीच बंद पडला होता. आमचे अंक कधीच रद्दीत गेले.

यावर साहजिक सल्ला असा की, मग आईला शिकवा ना वाचायला! केला प्रयत्न. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात आजीबाईंची शाळा आहे, योगेंद्र बांगर या शिक्षकांनी ८ मार्च २०१६ला सुरू केलेली. साठ ते नव्वदच्या आज्या, गुलाबी नऊवारी गणवेश, पाठीवर दप्तर, आणि घरी गृहपाठ घ्यायला नातवंडं. मी आईला त्याचा व्हिडिओ दाखवला. तिनं मन लावून पाहिला, दोनदा. म्हणाली, "लुगडे छान हायेत." मी म्हटलं, तू शिकतेस का, मी शिकवतो. म्हणाली, "तू मले शिकवशीन, मंग मह्या डोक्यात नाही शिरलं का चिडशीन. लहानपनी तुले पाढे येत नव्हते तवा मी चिडली नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. विषय बंद.

मग लेकीनंच तोडगा काढला, तोही नकळत. एका रात्री माझ्याकडे पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "पुण्याचं नको, वाशिमचं वाच." मी वाचायला लागलो तर पहिल्याच पानावर अडलो. बोरं वेचायची गोष्ट येत होती, पण मधलं बोलणं माझ्या तोंडून नीट येईना. ‘राह्यली’ म्हणताना मी नाटकात काम करतोय असं वाटत होतं. लेक म्हणाली, "आजीसारखं नाहीये हे."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी मोबाइल रेकॉर्डिंगला लावला आणि आईला म्हटलं, सगळं पुस्तक पहिल्यापासून सांग. ती आधी लाजली, मग असा काही सूर लागला की मांजराला नाव मिळालं, गाडीच्या ड्रायव्हरला सासुरवाडी मिळाली आणि शेवटच्या पानावरची आजी नातीला म्हणाली, "काऊन वं, इतका उशीर?" ऑफिसात मिटिंगचे मिनिट्स टाइप करायला मला कंटाळा येतो, पण त्या दुपारी दोन तास बसून मी तिचा शब्दन् शब्द उतरवला. ‘हाये’ला ‘आहे’ करायची बोटांना इतकी सवय, दहा वेळा खोडलं. प्रिंट काढल्या, पट्ट्या कापल्या, लेकीनं डिंकाचा राडा घातला आणि प्रत्येक पानाच्या खाली वाशिमचं चिकटवलं. स्टोरीवीव्हरवरच्या एखाद्या गोष्टीचंही असंच करून टाकायचा विचार आहे, बघू. तिथे पट्ट्या तरी कापाव्या लागणार नाहीत.

आईनं पुस्तक हातात घेतलं. पट्टीवरून बोट फिरवलं.

"हे मी बोलली ते हाये?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

"यात मांजर कुठी हाये?"

मी दाखवलं. तिनं त्या तीन अक्षरांवर बोट ठेवलं, मग चित्रातल्या मांजरावर, मग परत अक्षरांवर. काही बोलली नाही. पुस्तक लेकीकडे दिलं आणि कुकर लावायला उठली.

मृगाच्या आत घरी पोचायचं म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात ती गेली. पेरणी कुणासाठी थांबत नाही. आता रविवारी व्हिडिओ कॉल असतो. लेक पुस्तक कॅमेऱ्याला इतकं चिकटवते की पलीकडून ओरडा येतो, "दूर धर वं, नुसतं पांढरं पांढरं दिसून राह्यलं!" मग पान दिसलं की आजी सांगायला लागते, आणि दर वेळी गोष्ट थोडी वेगळी असते. लेक पट्टीवर बोट ठेवून तपासते. तिला आता जोडाक्षरं वाचता यायला लागलीत, त्यामुळे चुका सापडतात. "आजी, मागच्या वेळी ड्रायव्हरची सासुरवाडी रिसोडला होती." "बदली झाली त्याची," असं उत्तर येतं.

चष्मा मात्र ती फ्रीजवरच विसरून गेली. मी फोन करून विचारलं, कुरिअर करू का? म्हणाली, "राहू दे तिथंच. इथं दुसरा हाये, दांडी मोडेल आहे पन डाळीपुरता चालते. सोयाबीन निघालं का येतोच ना मी."